अक्षरांवरून शब्दाचा शोध : इंग्रजी शब्दखेळांमागील विद्या

नोव्हेंबर २००७ मध्ये मुंबईत जागतिक स्क्रॅबल अजिंक्यपद स्पर्धा झाली. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी अंतिम सामन्यात मलेशियाच्या गणेश आसीर्वादम यांचा पराभव करून विजेतेपद मिळवले. त्या वेळी या घटनेची दखल प्रामुख्याने या खेळाच्या रसिकांनीच घेतली. पुढे जुलै २०१५ मध्ये याच रिचर्ड्स यांनी बेल्जियममध्ये फ्रेंच भाषेतील जागतिक विजेतेपद पटकावले, तेव्हा मात्र जगभरच्या वृत्तसंस्थांनी ती बातमी ठळकपणे दिली. कारण असे की, रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. अवघ्या काही आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दांची स्पर्धामान्य यादी मुखोद्गत केली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडा येथे त्यांनी स्पॅनिश भाषेतील जागतिक स्पर्धाही जिंकली आणि स्पॅनिश भाषेशीही त्यांचा परिचय याच प्रकारचा होता.

इंग्रजी शब्दखेळांकडे काहीशा संकोचाने पाहणाऱ्या वाचकाला या घटनांतून एक महत्त्वाची गोष्ट उमगते. भाषा येणे आणि दिलेल्या अक्षरांतून त्या भाषेतील शब्द शोधून काढणे, ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, अस्खलित बोलणाऱ्या व्यक्तीलाही ‘क्यू’ असलेला पण ‘यू’ नसलेला एखादा शब्द सांगा असे म्हटले, तर ती बराच वेळ अडखळते. तो शब्द तिने ऐकलेला नसतो असे नाही. आपल्या स्मरणात शब्द ज्या क्रमाने लावलेले असतात, त्या क्रमात या प्रश्नाला जागाच नसते, ही खरी अडचण आहे.

मनुष्य शब्द आठवतो तो अर्थाने, उच्चाराने आणि फार तर आद्याक्षराने. छापील शब्दकोशही आद्याक्षराच्या क्रमानेच रचलेला असतो. ‘एम’पासून सुरू होणारे दहा शब्द सांगा, हे काम शाळकरी मूलही करील, परंतु तिसरे अक्षर ‘एम’ असलेले दहा शब्द सांगा म्हटले की प्रौढांचीही तारांबळ उडते. शब्दखेळ नेमका हाच दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारतात. अमुक अक्षर मध्यभागी हवे, अमुक शेवटी हवे, ही सात अक्षरे वापरा, ती चार टाळा. अशा प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतील, तर शब्दांची मांडणीच बदलावी लागते. अक्षरांवरून शब्द शोधण्याची सारी विद्या या फेरमांडणीत सामावलेली आहे.

ही कल्पना आधुनिक नाही. आठव्या शतकात बसरा येथे होऊन गेलेल्या अल-खलील इब्न अहमद या विद्वानाने अरबी भाषेचा ‘किताब अल-ऐन’ हा कोश योजला. मूळ धातूतील अक्षरांची जितकी म्हणून उलटापालट होऊ शकते, तितकी सर्व रूपे त्यात एकाच ठिकाणी दिलेली आहेत. मराठीतही रुळलेले ‘किताब’, ‘मकतब’ हे शब्द ज्या क-त-ब या धातूपासून आले, त्या तीन अक्षरांचे क्रम सहा होतात. त्यांपैकी भाषेत वापरले जाणारे कोणते आणि न वापरले जाणारे कोणते, याचा निर्देश या कोशात आढळतो. आपल्याकडील संस्कृत कोशपरंपरेतही ‘मेदिनीकोशा’सारख्या ग्रंथांत शब्दांची मांडणी अंत्य व्यंजनानुसार केलेली आहे, ‘क’ने संपणारे शब्द प्रथम, मग ‘ख’ने संपणारे, आणि त्या वर्गातही दोन अक्षरी, तीन अक्षरी असे पोटभाग. इंग्रजीत १७७५ साली जॉन वॉकर यांनी असाच, शब्दांच्या अखेरच्या अक्षरांवरून लावलेला कोश प्रसिद्ध केला. यमके शोधणाऱ्या कवींना त्याचा उपयोग झाला, आणि पुढे शब्दकोडी सोडवणाऱ्यांनाही झाला. ‘जी-आर-वाय’ या तीन अक्षरांनी संपणारे नेहमीच्या वापरातले इंग्रजी शब्द कोणते, हा तिकडचा एक जुना प्रश्न आहे. ‘अँग्री’ आणि ‘हंग्री’ हे दोन लगेच सुचतात, तिसऱ्यासाठी लोक तासन् तास डोके खाजवतात. अंत्याक्षरांचा कोश उघडला की क्षणात कळते, की नित्य वापरातला तिसरा शब्द नाहीच.

मराठी वाचकाला या खेळात एक वेगळी अडचण येते आणि तिचे मूळ लिपीत आहे. मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर, म्हणजे व्यंजन आणि त्याला जोडलेला स्वर, असे एकत्र बसते. ‘ज्ञानेश्वर’ या नावाला चार चौकटी पुरतात. तेच नाव प्रचलित पद्धतीने रोमन लिपीत लिहिले तर अकरा अक्षरे लागतात. आपल्या मनात शब्दाचे तुकडे उच्चारानुसार पडतात. इंग्रजी खेळात मात्र उच्चार बाजूला ठेवून स्पेलिंगचे सुटे सुटे घटक हाताळावे लागतात. ज्यांना देवनागरीची सवय आहे त्यांची येथे हमखास फसगत होते, कारण इंग्रजीत अनेक अक्षरे लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत. गुडघ्याला ‘नी’ म्हणताना आरंभीचा ‘के’ गप्प असतो. सुरी, गाठ, विणकाम या अर्थाच्या शब्दांतही तोच प्रकार. ‘रायटिंग’ आणि ‘राँग’मधला ‘डब्ल्यू’, कोकराला म्हणायच्या ‘लॅम’मधला अखेरचा ‘बी’, स्तोत्र या अर्थाच्या ‘साम’मधला ‘पी’ आणि ‘एल’, हे सारे न बोलणारे साथीदार आहेत. हातात ‘के’ आणि ‘एन’ एकत्र आले किंवा ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ एकत्र आले, की कानावर विसंबू नये. शाळेत या जोड्या पाठ करणे ही शिक्षा वाटते, खेळात त्याच गुण मिळवून देतात.

आता अक्षरांच्या किमतीकडे वळू. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स हे अमेरिकेतील वास्तुविशारद होते. १९३०च्या दशकातील महामंदीत हाताला काम नसताना त्यांनी हा खेळ रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवण्यासाठी त्यांनी वृत्तपत्रांची पाने समोर घेऊन अक्षरे मोजली. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी खेळाला आजचे नाव देऊन तो बाजारात आणला. इंग्रजी संचात अक्षरांच्या ९८ आणि कोऱ्या २, अशा एकूण १०० सोंगट्या असतात. त्यांत ‘ई’ १२ वेळा येते, ‘ए’ आणि ‘आय’ प्रत्येकी ९ वेळा, ‘ओ’ ८ वेळा. ‘क्यू’, ‘झेड’, ‘जे’, ‘एक्स’ आणि ‘के’ यांची प्रत्येकी एकच सोंगटी असते. जे अक्षर दुर्मीळ, त्याला गुण अधिक : ‘क्यू’ आणि ‘झेड’ला १०, ‘जे’ आणि ‘एक्स’ला ८, ‘के’ला ५. ‘एस’ मात्र केवळ ४ आहेत. ती संख्या वाढवली असती तर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचन करीत बसला असता.

बट्स यांच्या मोजणीतून एक बारकावा पुढे येतो, जो शब्द शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. एखादे अक्षर चालू मजकुरात किती वेळा येते आणि शब्दांच्या यादीत किती शब्दांत येते, ही दोन मोजमापे एक नाहीत. जुन्या लायनोटाइप यंत्रावर अक्षरांच्या कळा वापराच्या क्रमाने मांडलेल्या असत : ई, टी, ए, ओ, आय, एन, एस, एच, आर, डी, एल, यू. हा क्रम चालू मजकुराचा आहे. त्यात ‘टी’ आणि ‘एच’ वर आहेत याचे कारण इंग्रजी वाक्यात ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’, ‘विथ’ हे मूठभर शब्द पुनःपुन्हा येतात. यादीत मात्र ‘द’ हा शब्द एकदाच मोजला जातो. तेथे ‘एच’ बराच खाली उतरतो आणि ‘एस’, ‘आर’, ‘एल’ ही अक्षरे वर चढतात. स्क्रॅबलच्या संचातही ‘एच’ला दोनच सोंगट्या मिळाल्या आहेत. वृत्तपत्रातील वारंवारिता पाहून शब्दखेळाची आखणी करणाऱ्याचे गणित म्हणूनच चुकते.

ज्या युक्तीने जगातील बहुतेक निष्णात खेळाडू सराव करतात ती अत्यंत सोपी आहे. शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची. ‘लिसन’ म्हणजे ऐकणे, या शब्दाची सहा अक्षरे क्रमाने लावली तर ‘ई-आय-एल-एन-एस-टी’ असा निरर्थक गट तयार होतो. आता ‘सायलेंट’ हा शब्द घ्या, त्याचाही गट हाच. ‘एन्लिस्ट’, ‘टिन्सेल’ आणि ‘इनलेट्स’ यांचाही हाच. पाच वेगवेगळे शब्द एका खुंटीला टांगले गेले. पुढे ही सहा अक्षरे कोणत्याही क्रमाने हाती आली, तरी ती वर्णक्रमाने लावताच खुंटी ओळखू येते आणि पाचही शब्द समोर उभे राहतात. सात वेगवेगळ्या अक्षरांचे क्रम ५,०४० होतात. ते सर्व तपासण्यापेक्षा एक गट ओळखणे कितीतरी सुलभ. अल-खलीलने केले ते तत्त्वतः हेच होते.

ज्यांना पाठांतराचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी दुसरा मार्ग प्रत्ययांचा. समजा हातात ए, डी, ई, जी, आय, एन, आर ही सात अक्षरे आली. प्रथम ‘आय-एन-जी’ बाजूला काढून ठेवा. उरले ए, डी, ई, आर. त्यांतून ‘रीड’ होतो आणि जोडून ‘रीडिंग’. सातही अक्षरे संपली की ५० अधिक गुण मिळतात. पण पटावर तो शब्द बसत नसेल तर? तीन अक्षरे परत घ्या आणि या वेळी ‘ई-डी’ बाजूला काढा. उरलेल्या ए, जी, आय, एन, आर यांतून ‘ग्रेन’ होतो आणि जोडून ‘ग्रेन्ड’. अक्षरे तीच, प्रत्यय बदलला आणि शब्दही बदलला. संस्कृत शिकलेल्या वाचकाला प्रकृती आणि प्रत्यय वेगळे करण्याची ही रीत नवी वाटणार नाही. ‘ई-आर’, ‘ई-एस-टी’, ‘टी-आय-ओ-एन’, आरंभीचे ‘आर-ई’ आणि ‘यू-एन’ हे आणखी काही तुकडे असेच बाजूला काढून पाहण्याजोगे आहेत. अनुभवी खेळाडू हातातील सोंगट्यांची जागा सतत बदलत असतात, तो चाळा नसून डोळ्यांना नवे तुकडे दिसावेत यासाठीची धडपड असते.

अडचणीची अक्षरे कोणती, हे कळण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगचा स्वभाव ओळखावा लागतो. ‘व्ही’चेच पाहा. इंग्रजी शब्द ‘व्ही’वर संपणे सहसा टाळतो. ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांच्या शेवटी ‘ई’ येते ती याचसाठी. स्पर्धामान्य याद्यांत दोन अक्षरी शब्दांत ‘व्ही’ असलेला एकही शब्द नाही. म्हणून अटीतटीच्या सामन्यात पटाची एखादी वाट अडवायची असेल, तर जाणते खेळाडू तेथे ‘व्ही’ येईल असा शब्द मांडतात. ‘जे’ची तऱ्हाही अशीच. ‘ब्रिज’, ‘जज’ या शब्दांच्या अखेरीस आपल्याला ‘ज’ ऐकू येतो, पण लिहिताना तेथे ‘जी-ई’ असते. मूळच्या इंग्रजी शब्दाच्या अखेरीस ‘जे’ जवळपास येतच नाही.

आणि येथूनच भारतीय वाचकाचे पारडे जड होऊ लागते. ‘जे’ने संपणारे जे मोजके शब्द याद्यांत आहेत, त्यांत ‘राज’ आहे, ‘ताज’ आहे आणि ‘स्वराज’ही आहे. लोकमान्य टिळकांच्या काळात देशभर दुमदुमलेला शब्द इंग्रजी कोशांत गेला आणि तेथून खेळाच्या पटावर आला. ‘एस’, ‘डब्ल्यू’, ‘ए’, ‘आर’, ‘ए’ आणि अखेर ‘जे’ अशी त्याची सहा अक्षरे.

‘क्यू’ची कथा तर अधिकच रंजक आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ या शब्दाचे पूर्वरूप ‘सी-डब्ल्यू’ अशा अक्षरांनी लिहिले जात असे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच वळणाचे लेखन रूढ झाले आणि ‘क्यू’च्या पाठीला ‘यू’ कायमचा जोडला गेला. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला ‘क्यू’नंतर ‘यू’ येणारच असे शिकवले जाते. परंतु अरबी, फारसी, हिब्रू, चिनी अशा भाषांतून आलेले शब्द हा नियम मानत नाहीत. अरबीतील ‘काफ’ हे कंठाच्या मुळातून उच्चारले जाणारे अक्षर रोमन लिपीत आणताना ‘क्यू’ वापरतात, आणि त्याला ‘यू’ची गरज भासत नाही. कॉलिन्सच्या स्पर्धामान्य यादीत अशा शब्दांचा जो गट आहे, तो इंग्लंडमधील खेळाडूला एकेक करून घोकावा लागतो. भारतीय वाचकाला मात्र तो आपल्या गल्लीतला वाटेल : कव्वाल, कव्वाली, फकीर, बुरखा, तलाक, वक्फ, तालुकदार, कलमदान, इन्किलाब. त्यात कुर्मादेखील आहे. आपल्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर तो ‘के’ने लिहिलेला दिसतो, पण ‘क्यू’नेही तो ग्राह्य आहे. ‘मुकद्दम’ हा शब्दही या गटात आहे. रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावर मजुरांवर देखरेख करणाऱ्याला मराठीत मुकादम म्हणतात, तो याच मुळाचा. इतके करूनही ‘क्यू’ हातात अडकलाच, तर चिनी भाषेतून आलेला, प्राणशक्ती या अर्थाचा ‘क्यू-आय’ हा दोन अक्षरी शब्द कामी येतो. उत्तर अमेरिकेच्या यादीत तो २००६ मध्ये दाखल झाला.

‘झेड’च्या बाबतीत ‘जमीनदार’ आणि ‘जनाना’ हे शब्द हाताशी आहेत. शिवाय ‘ऑर्गनाइझ’सारखी क्रियापदे ‘एस’ने लिहिली तरी चालतात आणि ‘झेड’ने लिहिली तरी चालतात. लाठी, धोती, साडी, तूप, डाळ, रोटी, लाख, कोटी, आणा, पैसा हे शब्दही या ना त्या रूपाने यादीत आहेत. मराठीचे स्वतःचे म्हणावे असे देणे म्हणजे ‘मंगूस’. इंग्रजी कोश या शब्दाची व्युत्पत्ती मराठी ‘मुंगूस’ अशी देतात. त्याच्या स्पेलिंगच्या अखेरीस हंसाच्या जातीतील ‘गूस’ या पक्ष्याचे नाव डोकावते, पण त्या दोहोंचा अर्थाने काही संबंध नाही. आठ अक्षरांत तीन ‘ओ’ सामावणारा हा शब्द, हातात ‘ओ’ची गर्दी झाली असता आठवावा.

स्वर हाती नसतील तरी हार मानण्याचे कारण नाही. ‘ऱ्हिदम’, ‘निंफ’, ‘क्रिप्ट’, ‘मर’ अशा शब्दांत ‘वाय’ हे अक्षर स्वराचे काम करते. यांतील ‘मर’ म्हणजे गंधरस, त्याच्या स्पेलिंगमध्ये एम, वाय, दोन ‘आर’ आणि एच येतात. ‘वाय’ही नसेल तर वेल्श भाषेतून आलेला, दरी या अर्थाचा ‘कूम’ हा शब्द सी, डब्ल्यू, एम या तीन अक्षरांनी लिहितात. ‘श्श’, ‘हम्म’, ‘ब्रर्र’ असे उद्गारही यादीत आहेत. असे उद्गार शब्द कसे, असा प्रश्न घरगुती खेळात हटकून निघतो आणि त्यावरून रुसवेफुगवेही होतात.

त्या वादाचे उत्तर एकच : यादी. एखादा शब्द शुद्ध आहे की अशुद्ध, तो कोणी बोलतो की नाही, हे स्पर्धेत गौण ठरते. स्क्रॅबलच्या व्यापारचिन्हाचा हक्क अमेरिका व कॅनडात एका कंपनीकडे आणि उर्वरित जगात दुसऱ्या कंपनीकडे असल्याने याद्याही दोन आहेत. भारतासह बहुतेक देशांत कॉलिन्सची यादी चालते. तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. उत्तर अमेरिकेची यादी दोन लाखांच्या किंचित आत आहे. त्यामुळे एका देशात ग्राह्य असलेला शब्द दुसऱ्या देशात बाद होऊ शकतो. कॉलिन्सच्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत आणि नवशिक्याने सर्वप्रथम तेच पाठ करावेत, असे जाणकार सांगतात. मोठे शब्द पटावर बसतात ते या छोट्या शब्दांच्या सांध्यांमुळे. याद्या गोठलेल्याही नसतात. वंश, धर्म, लिंग यांवरून अवमान करणारे शब्द ठेवावेत की काढावेत, यावर २०२० आणि २०२१ मध्ये दोन्हीकडे मोठा वाद झाला व असे अनेक शब्द वगळण्यात आले. खेळात अर्थाला महत्त्व नाही असे मानणाऱ्या काही खेळाडूंनी त्याला विरोध केला होता.

वर्डल या खेळाने २०२१च्या अखेरीपासून हे सारे लाखो नव्या खेळाडूंपर्यंत नेले. जॉश वॉर्डल यांनी तयार केलेला हा खेळ न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर हिरवा रंग, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळा, अक्षरच नसेल तर राखाडी. येथे अक्षराच्या उपस्थितीइतकीच त्याची जागा मोलाची ठरते. ‘क्रेन’, ‘स्लेट’ असे आरंभीचे शब्द लोकप्रिय झाले ते त्यांत वारंवार येणारी पाच निरनिराळी अक्षरे असल्यामुळे. या खेळातील प्रसिद्ध सापळा म्हणजे अखेरची चार अक्षरे ‘आय-जी-एच-टी’ अशी जुळणे. लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट : सात शक्यता आणि हातात दोनतीन प्रयत्न. अनेक खेळाडू एकेक शब्द टाकत जातात आणि हरतात. अशा वेळी उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाकणे शहाणपणाचे. ‘फार्म्स’ या शब्दात एफ, आर, एम आणि एस ही चार आद्याक्षरे एकदम तपासली जातात. एखादे हिरवे किंवा पिवळे झाले तर उत्तर मिळाले. सारी राखाडी झाली तर सातांपैकी लाइट, नाइट आणि टाइट हेच उरतात. खेळाच्या कठीण प्रकारात मात्र मिळालेली अक्षरे पुढील प्रत्येक प्रयत्नात वापरणे बंधनकारक असल्याने ही पळवाट बंद असते.

संगणक हेच काम कसे करतो, हे समजून घेण्याजोगे आहे. १९८८ मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या वेगवान आज्ञावलीचे वर्णन एका शोधनिबंधात केले. शब्दांची सरळ यादी न ठेवता त्यांनी ती फांद्यांच्या जाळ्यासारखी रचली. ज्या शब्दांची सुरुवात सारखी, ते एकाच खोडातून निघतात. ज्यांचा शेवट सारखा, ते पुन्हा एकाच फांदीत मिळतात. हातातील अक्षराने एखादी वाट बंद झाली की त्या वाटेवरचे हजारो शब्द एका फटक्यात बाजूला पडतात. अक्षरे भरली की शब्द दाखवणारी साधने आज कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत, ती अशाच प्रकारच्या रचनांवर चालतात. डाव चालू असताना त्यांचा आधार घेणे म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहणे होय. परंतु डाव संपल्यावर आपण कोणता शब्द हुकवला हे पाहण्यासाठी त्यांच्याइतका चांगला शिक्षक नाही. ती नोंद वहीत, वर्णक्रमाने लावलेल्या अक्षरगटासह करून ठेवली की पुढच्या वेळी उपयोगी पडते.

संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर मात्र या कामी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. ही साधने मजकूर सुट्या अक्षरांत न वाचता अनेक अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात. त्यामुळे ‘स्ट्रॉबेरी’ या इंग्रजी शब्दात ‘आर’ किती, या बालसुलभ प्रश्नावर २०२४ मध्ये त्यांपैकी काहींनी तीनऐवजी दोन असे उत्तर दिल्याने बरीच चर्चा झाली होती. नवी साधने सुधारली असली, तरी त्यांनी सुचवलेला शब्द यादीत पडताळून पाहिल्याविना पटावर मांडू नये. स्पर्धेत तर प्रतिस्पर्ध्याने हरकत घेताच चुकीचा शब्द उचलावा लागतो. याउलट कोणी हरकत घेतली नाही, तर चुकीचा शब्दही पटावर तसाच राहतो आणि त्याचे गुण मिळतात. काही खेळाडू निर्विकार चेहऱ्याने असे शब्द मांडतात आणि नियमानुसार त्यात काही वावगे मानले जात नाही.

अक्षरांचे बंधन घालून शब्द निवडण्याची हौस मराठीलाही परकी नाही. अठराव्या शतकातील बारामतीचे कवी मोरोपंत यांनी अनेक रामायणे रचली. त्यांतील निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यांनी पूर्णपणे वर्ज्य केली. रामाचे नावही थेट घेता येऊ नये, अशी ही अट. १९३९ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी ‘गॅड्सबी’ ही सुमारे ५० हजार शब्दांची कादंबरी ‘ई’ हे अक्षर न वापरता लिहिली. ज्या अक्षरावाचून ‘द’ हा शब्दही लिहिता येत नाही, तेच त्यांनी टाळले.

भारतीय शब्द पटावर मांडू इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे शब्द इंग्रजीत निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कानांनी ऐकून लिहिले गेले. त्यामुळे त्यांची स्पेलिंगे अनेक आहेत आणि कॉलिन्सच्या यादीत बहुधा ती सारी सामावलेली आहेत. फकीर या एका शब्दाचेच पाहा. मध्ये ‘के’ आणि एक ‘आय’ असलेले पाच अक्षरी रूप चालते. ‘के’च्या जागी ‘क्यू’ घातला तरी चालते. त्या ‘क्यू’ला ‘यू’ जोडून केलेले सहा अक्षरी रूप चालते. आणि ‘के’नंतर दोन ‘ई’ घालून केलेलेही चालते. हातात ‘क्यू’ असो वा ‘के’, ‘यू’ असो वा नसो, फकीर कोणत्या ना कोणत्या वेशात पटावर येऊ शकतो.